सुट्टी, रजा आणि माहेरपण : वाट पाहण्याचा एक इतिहास

‘सुट्टी’ आणि ‘रजा’ हे शब्द आज आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘सुट्टी’ ही ‘सुटणे’ या क्रियापदाच्या घरातली. दावे सोडले की गुरे सुटतात, घंटा झाली की शाळा सुटते, तसे माणूसही सुटते. ‘रजा’ अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आली. तिचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा असून ‘राजी’ हा शब्द तिच्याच नात्यातला आहे. म्हणजे सुट्टी ‘होते’ आणि रजा ‘मिळते’. रजेच्या पलीकडे ती देणारा कुणीतरी उभा असतोच. मराठी माणसाच्या मोकळ्या दिवसांचा इतिहास या दोन शब्दांच्या मधल्या जागेत लिहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते. हा इतिहास नुसत्या मोकळ्या दिवसांचा नाही. त्या दिवसांची वाट कोण, कशी आणि कुणाच्या मर्जीने पाहत होते, याचाही आहे.

या विषयावर सहसा दोन ठोकळेबाज मते ऐकू येतात. एक असे की, सुट्टी ही इंग्रजांची देणगी. ते आले आणि रविवार आला. दुसरे असे की, आपल्याकडे सणवार, जत्रा, व्रतवैकल्ये इतकी होती की सुट्टीची गरजच नव्हती. पहिल्या मताला वार आणि वाट पाहणे यांतला फरक कळलेला नाही. दुसऱ्या मताला सणाच्या दिवशी चुलीपुढे कोण बसले होते, हे दिसलेले नाही.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आम्ही ती वणीच्या आधाराने करणार आहोत. नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, दिंडोरी तालुक्यातले हे मोठ्या बाजारपेठेचे गाव. महाराष्ट्रभर ‘वणीची देवी’ म्हणून जी सप्तशृंगी ओळखली जाते, तिचा गड वस्तुतः कळवण तालुक्यात, नांदुरीच्या माथ्यावर आहे. वणीत जगदंबेचे देऊळ आहे. गड मात्र पुढे आहे. तरीही नाव वणीचे चिकटले, कारण नाशिककडून येणाऱ्या यात्रेकरूला वणी हा गडाआधीचा मोठा मुक्काम होता. ठिकाणाला वाटेवरच्या गावाचे नाव मिळावे, हे प्रवासाच्या इतिहासात अर्थपूर्णच म्हटले पाहिजे. येथून एक रस्ता नांदुरीकडे वळतो आणि दुसरा बोरगाववरून सापुताऱ्याकडे जातो. एका रस्त्याने भाविक जातात, दुसऱ्याने पर्यटक. कधीकधी तीच माणसे, त्याच गाडीतून, एकाच दिवशी दोन्हीकडे. (हा रस्ता नेहमीच आनंदयात्रेचा नव्हता. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याची मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती याच वणी-दिंडोरीच्या मुलखात.)

साडेतीन शक्तिपीठांमध्ये कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे, आणि सप्तशृंगी हे अर्धे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, कड्याच्या कपारीत अठरा हातांची देवी. वर जाण्यासाठी खडकात पायऱ्या खोदवल्या, त्यांत अठराव्या शतकातल्या उमाबाई दाभाडे यांचे नाव घेतले जाते. यात्रा दोन मोठ्या : आश्विनातले नवरात्र, आणि रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंतचा चैत्रोत्सव. कोजागरीला नद्यांचे पाणी कावडीतून आणणाऱ्यांची गर्दी होते, आणि त्याच रात्री तृतीयपंथीयांचा मेळाही गडावर भरतो. दरेगावच्या गवळी घराण्यातला पुरुष रात्री शिखरावर चढून ध्वज लावतो, हा मान पिढ्यानुपिढ्यांचा.

या तिथ्या पाहिल्या की जुन्या व्यवस्थेतले वाट पाहणे ध्यानात येते. ती वाट आठवड्याची नव्हती, ऋतूची होती. रब्बीचे धान्य घरात आले आणि पावसाळ्याच्या कामांना अजून अवकाश आहे, तेव्हा चैत्र. खरीप पिकाला आले, पाऊस ओसरला, तेव्हा आश्विन. शेतीच्या दोन श्वासांमधली जागा देवीने घेतली. आठवड्याची विश्रांती अगदीच नव्हती असेही नाही. मावळ-कोकणाच्या काही भागांत ‘मोडा’ पाळत. त्या दिवशी औताला बैल जुंपायचे नाहीत. सोमवार हा महादेवाचा आणि म्हणून नंदीचा, ही समजूत तर पुष्कळ ठिकाणी आढळते. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळण्याच्या कितीतरी आधी घाटावरच्या बैलाला सोमवार मिळालेला होता.

चैत्रोत्सवाची खरी गर्दी खान्देशची. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून माणसे भर उन्हात पायी निघतात. ही वाट वणीवरून येत नाही. ती देवळा-कळवणकडून नांदुरीला येऊन मिळते. डोक्याला उपरणे, पायांत फोड, हातात झेंडा, तोंडी अहिराणी गाणी. वाटेत गावोगावचे लोक पाणी, सरबत, जेवण घेऊन उभे. सप्तशृंगी ही खान्देशची कुलदेवता, आणि खान्देश हे तिचे माहेर, अशी तिकडे श्रद्धा आहे. आम्हांला या श्रद्धेचे फार मोल वाटते. एरवी लेक माहेरी जाते. येथे लेक जागची हलू शकत नाही, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे चालत येते.

चैत्री पौर्णिमेनंतर अठरा तिथ्यांनी अक्षय्य तृतीया येते. खान्देशात तिला आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतकीच, काही घरांत दिवाळीहूनही अधिक, तिची वाट पाहिली जाते. या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते, गाणी होतात. त्याच आखाजीला सालदाराचे साल संपते. वर्षभरासाठी एका शेतकऱ्याकडे बांधलेला गडी त्या दिवशी हिशेब करतो. जुने साल सुटते आणि नवे धरायचे की नाही, याचा सौदा होतो. एकाच दिवशी सून सासरहून सुटते आणि गडी मालकाकडून सुटतो, हा योगायोग असेल असे आम्हांस वाटत नाही. दोघांचेही वर्ष दुसऱ्याच्या घरी मोडलेले असते. दोघांच्याही सुटकेला मुदत असते. आणि दोघांनाही बहुधा परत जायचे असते.

मराठीत सुट्टीच्या ओढीचे सर्वांत जुने, सर्वांत विपुल वाङ्मय शोधायचे असेल तर ते प्रवासवर्णनांत किंवा ललित निबंधांत शोधू नये. जात्यावरच्या ओव्यांत शोधावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. साने गुरुजींनीही ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या. त्यांत भाऊ, आई आणि माहेरची वाट हे विषय किती वेळा येतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच पाहावे. या ओव्यांतले वाट पाहणे फार तपशिलाचे असते. न्यायला येणारा मुराळी कोणत्या वाटेने येईल, त्याच्या बैलांचा रंग कोणता, तो कुठे पाणी पिईल, त्याला सासूच्या घरात कसे बसवावे लागेल. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या गाण्यांत आखाजी आहे, माहेर आहे, माहेराला जाणारा रस्ताही आहे. त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाली. शेतात आणि घरात अखंड राबलेल्या बाईच्या कवितेत मुक्कामाइतकीच वाटही महत्त्वाची ठरावी, हे आपल्या समीक्षेने बहुधा ‘माहेरची ओढ’ या गुळगुळीत शब्दांत गुंडाळून टाकले आहे.

वास्तविक ही ओढ ज्या चौकटीत होती ती चौकट ‘रजे’ची होती. सून माहेरी स्वतःहून जात नसे. तिला ‘न्यायला’ कुणीतरी यावे लागे आणि सासरने तिला ‘धाडावे’ लागे. मुराळी मोकळ्या हाताने परत जाणे ही नुसत्या गाण्यातली करुणा नव्हे, तो घरातल्या सत्तेचा रोजचा व्यवहार होता. शेतात काम असेल, सासूची मर्जी नसेल, मानपानात उणे पडले असेल, तर रजा नामंजूर. आणि जुन्या काळी सणांमुळे विश्रांती मिळे असे जे म्हणतात, त्यांनी एवढेच आठवावे की पुरणपोळी आपोआप होत नाही. सणाचा दिवस हा बाईच्या कामाचा सर्वांत लांब दिवस. म्हणूनच तिची सुट्टी सणाच्या ठिकाणी नव्हती, तर त्या घराबाहेर, माहेरी होती. दिवाळीला, पंचमीला, आखाजीला सणही माहेरी व्हावा हा हट्ट त्यातूनच आला असणार.

पुरुषांच्या प्रवासातही नुसती मौज हे कारण पुरेसे मानले जात नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते घरावरचे कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळावे म्हणून. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा, आणि जोडीला तीर्थयात्रेचे पुण्य. मध्ये बंडाची धामधूम आली आणि ‘माझा प्रवास’सारखे पुस्तक मराठीला लाभले, चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजींच्या प्रवासाला पोट आणि पुण्य अशी दोन कारणे आहेत. हौस हे तिसरे कारण त्यांनी उघडपणे दिलेले नाही, पण पानापानांवर ते लपतही नाही. पंढरीच्या वारीतही भक्तीबरोबर घराबाहेर पडण्याचे सुख आहे, हे इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील (१९४९) ‘वाटचाल’ वाचताना जाणवते. यात्रा म्हणजे सुट्टी नव्हे, हे खरे. पण सुट्टी मागण्याचे सर्वांत निर्धोक कारण यात्रा हेच होते. देवीला कोण नाही म्हणणार?

आता रविवारकडे येऊ. रविवार इंग्रजांबरोबर आला, पण तो कचेरीत आला, शाळेत आला. गिरणीत आला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत, आणि यंत्रसफाईच्या निमित्ताने किंवा एखाद्या सणाला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ची धुरा घेतली आणि गिरणी कामगारांची संघटना उभारली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा झाली. मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या नेमस्तपणाने गलबलून येते : आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप मिळाले.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुट्टीचा असावा, असा युक्तिवाद लोखंडे यांच्या नावावर सांगितला जातो. तो त्यांनी कोणत्या शब्दांत केला याच्या वादात न शिरताही त्यातली चतुराई लक्षात येते. मालकाच्या देवाचा वार कामगाराच्या देवाला जोडून दिला, की सुट्टी ही मेहेरबानी राहत नाही. ज्योतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतल्या या माणसाने ‘रजे’ची ‘सुट्टी’ केली, असे म्हटले तर ते शब्दच्छल ठरू नये.

मात्र रविवार विश्रांतीला पुरतो, गावाला पुरत नाही. गिरणगावातला माणूस कोकणातला, घाटावरचा. त्याचे बायको-पोर पुष्कळदा गावी. त्याचे वर्ष गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली लग्नसराई या तीन खुंट्यांवर टांगलेले असे. चाकरमानी हा शब्द पाहा : ओळख चाकरीची, पण तो उच्चारला जातो गावाकडून, तो येण्याची वाट पाहणाऱ्यांच्या तोंडून. गावी जायचे तर ‘खाडा’ पडे आणि खाड्याचा पगार कापला जाई. शिवाय त्याच्या जागेवर बदली कामगार लागे. हे बदली रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहत आणि कुणीतरी आज आलेले नसावे अशी वाट पाहत. सुट्टीच्या इतिहासात या माणसाला आम्ही फार महत्त्वाची जागा देऊ. चाकरमानी गणपतीची वाट पाहत होता आणि बदली कामगार चाकरमान्याच्या गणपतीची वाट पाहत होता. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगारांचे गावाशी असलेले नाते तोडू नये, उलट त्याला नियमित रूप द्यावे, असे सुचवले. तोवर कामगाराचे गावी जाणे ही मालकांच्या भाषेत ‘गैरहजेरी’ होती.

या वाटेवर जीवही गेले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येला घरी पोहोचू पाहणारे कितीतरी जण त्यांत होते. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हजारो कामगार, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे अशा समजुतीने, गावी गेले. ती रजा संपलीच नाही. संपानंतरच्या मराठी साहित्यात गिरणगावाचे दुःख पुष्कळ आले; पण गावी गेलेल्या कामगाराच्या त्या न संपणाऱ्या सुट्टीवर अजून कुणी नीट लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

थंड हवेच्या ठिकाणांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर लेखन उदंड आहे. महाबळेश्वरला माल्कमने १८२८ च्या सुमारास इंग्रजांचे विश्रांतिस्थान वसवले. माथेरानकडे ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याचे लक्ष १८५० साली गेले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली. ‘हवापालट’ आणि ‘थंड हवेचे ठिकाण’ हे शब्दही त्याच काळाची देणगी. दोन्ही शब्दांत डॉक्टर डोकावतो. देवाचे कारण सांगून घराबाहेर पडणाऱ्या समाजाने आता प्रकृतीचे कारण शोधले, एवढाच त्याचा अर्थ. निव्वळ मौजेसाठी जातो, असे मोकळेपणाने म्हणायला मराठी मध्यमवर्गाला आणखी निदान अर्धे शतक लागले.

त्या अर्ध्या शतकात जगातही काही घडत होते. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना पगारी सुट्टीचा कायदेशीर हक्क मिळाला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी सुट्टीविषयीचा करार स्वीकारला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ‘खाडा’ आणि ‘हक्काची रजा’ यांच्यामध्ये लोखंड्यांच्या पहिल्या सभेपासून चौसष्ट वर्षे गेली. पुढे सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत आली. केंद्राची १९५६ पासून. महाराष्ट्र शासनाच्या सवलतीत दोन प्रकार आहेत, ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’. शासकीय भाषेला आपण एरवी नावे ठेवतो, पण या दोन शब्दांत एका शतकाचे समाजशास्त्र सामावले आहे. सुट्टी म्हणजे गावी जाणे की सुट्टी म्हणजे कुठेतरी जाणे, हा प्रश्न आस्थापना शाखेच्या अर्जावर दोन चौकोनांत येऊन बसला.

शाळेची सुट्टी हा निराळा धागा. पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी यांसारख्या तिथींना ‘अनध्याय’ असे. त्या दिवशी अध्ययन वर्ज्य. इंग्रजी शाळांनी अनध्यायाच्या जागी मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी आणली, आणि मामाचे गाव हे मराठी बालपणाचे जणू अधिकृत ठिकाण झाले. मामाचे गाव म्हणजे आईचे माहेर. आईची जुनी रजा मुलाच्या सुट्टीच्या आडोशाने दरवर्षी मंजूर होऊ लागली, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही. ‘श्यामची आई’मध्ये दापोलीहून घरी येणारा श्याम वाचताना हेही आठवावे की, साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. घरी जाण्याच्या ओढीचे मराठीतले हे लोकप्रिय पुस्तक, घरी जाऊ न शकणाऱ्या माणसाचे आहे. सुट्टीने वाचकही घडवला. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि मोकळ्या दिवसांत काय वाचायचे याचीही आगाऊ वाट पाहणे सुरू झाले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) विलायतेइतकीच रंगत तिकडे जाण्याच्या तयारीला आहे, मराठी वाचकाने ती तयारीच अधिक प्रेमाने लक्षात ठेवली, हा आमचा वर्गातला अनुभव. (प्राध्यापकांना सुट्ट्या फार, असे टोमणे आम्ही ऐकतो. सत्र पद्धती आल्यापासून त्या सुट्ट्यांत काय होते हे उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच सांगतील.)

१९७३ साली जयंतराव साळगावकर यांचे ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले. तिथी आणि तारीख, एकादशी आणि बँकेची सुट्टी एकाच चौकोनात नांदू लागली. डिसेंबरच्या अखेरीस नवे कालनिर्णय घरी आले की पहिल्यांदा काय पाहिले जाते? लाल तारखा. कोणता सण रविवारी ‘वाया’ गेला, कुठे शुक्रवार किंवा सोमवार जोडून येतो, मधला एक दिवस रजा टाकली तर चार दिवस कसे होतात, हा हिशेब मराठी घरांत इतक्या तन्मयतेने होतो की जुन्या घरांतले मुहूर्त पाहणे आठवावे. आणि या लाल तारखांचा कायदेशीर उगम कोणता? शासन सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करते ते परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम २५ खाली. हा कायदा हुंड्या, धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांचा. देणे कोणत्या दिवशी चुकते करावे लागणार नाही, हे ठरवण्यासाठी केलेल्या तरतुदीतून आपली महाशिवरात्र, गुढीपाडवा आणि ईद अधिकृतपणे ‘सुट्टी’ होतात. सालदाराचा आखाजीचा हिशेब आणि हा कायदा, दोन्हींत सुटकेचे नाते देण्याघेण्याशीच आहे.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. त्याआधीच, खाजगी कंपन्यांच्या शनिवार-रविवारमुळे, वणीच्या फाट्यावरची गर्दी तिथीवरून वारावर सरकू लागली होती. गुजरातने १९६० नंतर वाढवलेला सापुतारा पावसाळ्यातल्या रविवारी वाहनांनी भरतो. नाशिकच्या परिसरात द्राक्षमद्याचे कारखाने पाहायला, मुक्कामाला लोक येतात. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. पायऱ्या न चढताही दर्शन होते. पूर्वी नवरात्रावाचून गडावर एवढी माणसे नसत, असे जुने लोक सांगतात. यात तक्रारीचा सूर असतो. आम्ही त्यात सूर मिसळणार नाही. नऊ तासांची पाळी करणाऱ्या माणसाला तिथी गाठता येत नसेल, तर देवीने रविवारी भेटावे हे लोखंड्यांच्या युक्तिवादाला धरूनच झाले.

मात्र त्याच रस्त्याच्या कडेला दुसरा एक प्रवास चालू असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि काढणीला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी माणसे टोळ्यांनी येतात. घरदार सोडून, पोरांसह, बागेच्या कडेला मुक्काम. बाहेरगावी जाणे म्हणजे त्यांच्यासाठी काम, आणि सुट्टी म्हणजे घर. होळी जवळ आली की ही माणसे गावी निघतात. ऐन काढणीत मजूर मिळेनासे होतात, बागायतदार वैतागतात, आगाऊ उचल देऊन थांबवू पाहतात. माणसे थांबत नाहीत. व्हिटली आयोगापुढे गिरणीमालकांनी मांडलेली ‘गैरहजेरी’ची तक्रार आज वणीच्या बाजारात जशीच्या तशी ऐकू येते. फरक एवढाच की यांच्यासाठी कलम २५ नाही, वीस दिवसांमागे एक दिवसही नाही. लाल तारीख त्यांनी स्वतःच ठरवलेली आहे आणि तिची किंमत ते खाड्याने मोजतात.

१७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३० मार्चला, रामनवमी होती. ६ एप्रिलला चैत्री पौर्णिमा आणि २२ एप्रिलला आखाजी. अर्ध्या तिकिटाचा तो पहिला चैत्रोत्सव आणि पहिली आखाजी. गडाच्या गाड्यांत बायका होत्याच, नेहमीच असत. आता त्यांत पुरुषांशिवाय निघालेल्या चौघीचौघींचे, सहासहांचे गट अधिक दिसू लागले. नांदुरीहून खाली आल्यावर त्यांतल्या काही वणीच्या स्थानकावर उतरतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, आणि चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन विचारतात : सापुताऱ्याची गाडी किती वाजता आहे, आणि संध्याकाळी परत फिरता येईल का?